बारावीला बायोलॉजी नसताना फिजिऑलॉजी: बी.फार्मच्या पहिल्या वर्षाचा माझा अनुभव

जुलैअखेर सेकंड सेमचा निकाल लागला आणि एचएपीचे दोन्ही भाग सुटले, म्हणजे पास झाले. एचएपी म्हणजे ह्युमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, बी.फार्मच्या पहिल्या दोन्ही सेमना असतो, आणि पहिल्या वर्षाला पोरं ज्याचं नाव काढलं की गप्प होतात तो हाच विषय. आमच्या वाड्यावरच्या दोन मुली यंदा फार्मसीला जायचं म्हणताहेत, दोघींनी बारावीला मॅथ्स घेतलेलं, बायो नाही, आणि दोघींचा प्रश्न एकच, जमेल काय. मला हाच प्रश्न पडलेला तेव्हा नीट बसून सांगणारं कोणी मिळालं नाही म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, कागदपत्रं आणि खर्चासकट, लांब होईल पण असू दे.

२०२३ च्या मे महिन्यात जीसीईटी, म्हणजे गोव्याची प्रवेश परीक्षा दिली. त्यानंतरची कामं पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयातली, आपण सगळे डीटीईच म्हणतो. फॉर्म भरायचा, मेरिट लिस्टची वाट बघायची, मग प्रवेशाच्या राउंडला हजर राहायचं. यात वेळ खातो तो रहिवासी दाखला. तो मामलेदार कचेरीतून निघतो, आमची कचेरी डिचोलीला, आणि जूनमध्ये तिथे अर्ध्या तालुक्यातली बारावी झालेली पोरं आईबापांसकट उभी असतात, वर पाऊस. बाबांनी एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला म्हणून आमचं निभावलं, माझ्या एका मैत्रिणीच्या हातात दाखला पडला तो राउंडच्या आदल्या दिवशी दुपारी, तोवर तिच्या घरी कोणी नीट जेवलं नव्हतं. तेव्हा परीक्षा संपल्या संपल्या हे काम उरका. मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, जन्मदाखला यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये कायम तयार ठेवा, फोटो पण जास्तीचे काढून ठेवा.

वर्ग सुरू झाले आणि लगेच चवथ आली (गणेश चतुर्थी, त्या वर्षी १९ सप्टेंबरला होती) त्यामुळे खरा अभ्यास सुट्टीनंतरच. पहिल्या आठवड्यात एचएपीच्या मॅडमनी फळ्यावर मार्कांची मांडणी लिहून दिली ती मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली, तुम्ही पण तेच करा. फार्मसी कौन्सिलचा अभ्यासक्रम देशभर एकच आहे म्हणून हे सगळीकडे लागू. थिअरीची फायनल ७५ मार्कांची, तीन तास. २० मार्कांचं ऑब्जेक्टिव्ह, १० मार्कांचे मोठे प्रश्न तीनपैकी दोन, ५ मार्कांचे छोटे नऊपैकी सात. उरलेले २५ इंटर्नल, त्यात १५ सेशनलचे (सेमच्या मधल्या चाचण्यांचे) आणि १० कंटिन्युअस मोडचे (वर्गातल्या रोजच्या कामाचे), आणि त्या दहातले चार निव्वळ हजेरीचे, ९५ टक्क्यांच्या वर हजेरी असली तर चारही मिळतात, ८० च्या खाली गेली तर परीक्षेलाच बसता येत नाही. प्रॅक्टिकल वेगळं, फायनल ३५ आणि इंटर्नल १५. पास व्हायला ५० टक्के लागतात, ३५ नाही, हे बारावीच्या सवयीने पटकन डोक्यात शिरत नाही.

आणि ज्यांना बायो नव्हतं त्यांच्यासाठी पहिल्या सेमला रेमेडियल बायोलॉजी असतं (ज्यांना मॅथ्स नव्हतं त्यांना रेमेडियल मॅथ्स). हा विषय बरेच जण हलक्यात घेतात पण माझ्यासाठी तो आधार ठरला. पेशी, ऊती, रक्ताभिसरण सगळं तिथे सोप्या पातळीवर होतं आणि पंधरा दिवसांनी तेच एचएपीत मोठं होऊन येतं. पहिला महिना जड गेला हे मात्र खरं. सकाळी डिचोलीची बस, तिथून पणजीची, संध्याकाळी घरी पोचायला अंधार, आणि वर्गात बायोवाली मुलं मान हलवत असायची तेव्हा मला मायटोकॉन्ड्रियाचं स्पेलिंग बघून लिहावं लागायचं. घरी बोलून दाखवलं नाही पण रात्री झोप लागायची नाही.

खर्चाचं एकदाच सांगून टाकते. एप्रन साडेचारशेचा, जर्नल आणि फाइल मिळून दोनशेच्या आसपास, सीनियरकडून जुनं जाडं पुस्तक सहाशेला घेतलं, नवं घेतलं असतं तर त्याच्या दुपटीहून जास्त. लॅन्सेटचा (बोट टोचायच्या सुयांचा) डबा चौघींत मिळून. रंगीत पेन्सिली घ्या, चैन वाटली तरी घ्या, या विषयात आकृतीला मार्क आहेत. अभ्यासाला जागा हवी तर पाटोवरची कृष्णदास शामा मध्यवर्ती लायब्ररी आहेच, १८३२ पासूनची संस्था, बसस्टँडवरून चालत जाता येतं. बस चुकली की मी तिथेच जाऊन बसायचे, शांतता आणि पंखा दोन्ही मिळतं.

सुरुवातीची प्रॅक्टिकल्स मायक्रोस्कोप आणि स्लाइडची. मग हाडं. माणसाच्या शरीरात २०६ हाडं, ८० अ‍ॅक्सियल (डोकं, कणा, छातीची) आणि १२६ अपेंडिक्युलर (हातापायांची, खांद्या-कमरेची), हा आकडा सगळ्यांना येतो, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतात ते असं की हातात एक फीमर (मांडीचं हाड) देतात आणि म्हणतात, ही डावी की उजवी? मग गोल डोकं आतल्या बाजूला, खडबडीत रेघ मागच्या बाजूला, असं स्वतःच्या मांडीशी धरून बघायचं. मला यात सगळ्यात उपयोगी पडलं ते स्वतःचं शरीर. बसमध्ये खिडकीशी बसून मी मनगट चाचपायचे, अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना, कोपराचं टोक अल्नाचं, खांद्याच्या मागे स्कॅप्युलाची धार हाताला लागते. शेजारच्या बायका बघायच्या, बघू दे.

ऑक्टोबरच्या मध्याला रक्ताची प्रॅक्टिकल्स सुरू झाली आणि वर्गातलं वातावरणच बदललं, कारण रक्त आपलंच काढायचं असतं. डाव्या हाताची अनामिका, स्पिरिटने पुसायची, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, लॅन्सेट एकदाच आणि धीराने, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. बोट पिळू नका, पिळलं की ऊतीतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. सकाळी काहीतरी खाऊन या. आमच्यातली एक मुलगी दुसरीचं रक्त बघूनच खाली बसली, मॅडमनी तिला आडवं केलं, पाय उचलून धरायला लावले आणि आम्हाला तिथेच समजावलं की व्हेगस नर्व्हने हृदयाचा वेग उतरला, रक्तवाहिन्या सैलावल्या, प्रेशर खाली आलं, मेंदूला रक्त कमी पडलं, आता आडवं केल्यावर ते आपोआप पोचेल. पाच मिनिटांत ती उठून बसली. रिफ्लेक्स म्हणजे काय ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

साहलीच्या हिमोग्लोबिनोमीटरला धीर लागतो. एन बाय टेन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवायचा. उजेडाकडे तोंड करून उभं राहा नाहीतर रंग कळत नाही. आरबीसी (लाल पेशी) काउंटला हेयम्स फ्लुइड, १:२०० पातळ करायचं आणि मोजणीच्या काचेवरच्या पाच चौकटींत मोजलेल्या पेशींना १०,००० ने गुणायचं. डब्ल्यूबीसीला (पांढऱ्या पेशींना) टर्क्स फ्लुइड, १:२०, चार कोपऱ्यांतल्या पेशींना ५० ने गुणायचं. हे गुणक पाठ करू नका, एकदा कागदावर काढा. आरबीसीच्या पाच चौकटींत मिळून ८० बारीक चौकोन, प्रत्येक एक चौरस मिलिमीटरचा चारशेवा भाग, खोली मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे द्रव ०.०२ घन मिलिमीटर, त्यावर २०० पट पातळ केलेलं. व्हायवाला नेमकं हेच विचारतात, दहा हजार आले कुठून.

ब्लड ग्रुपच्या दिवशी मॅडमनी लँडस्टायनरबद्दल सांगितलं, १९०१ मध्ये त्याने ए, बी आणि ओ या गटांचा शोध प्रसिद्ध केला, आणि मग बॉम्बे ब्लड ग्रुपबद्दल, जो १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. या लोकांच्या पेशींवर एच अँटिजेनच नसतो म्हणून साध्या तपासणीत ते ओ दिसतात पण ओ रक्त त्यांना चालत नाही. आम्ही जी अँटी-ए, अँटी-बी सिरम फरशीच्या पांढऱ्या तुकड्यावर टाकत होतो त्याच तपासणीत हा माणूस चुकीचा ओ निघणार हे ऐकून मी ती फरशी पुन्हा एकदा नीट बघितली.

दिवाळीच्या अलीकडे पहिली सेशनल झाली, ३० मार्कांची, मार्क बेताचे आले. सीनियर म्हणायचे पाठ कर, हा पाठांतराचाच विषय आहे. माझं मत आता पूर्ण उलटं आहे आणि ते बदललं एका प्रॅक्टिकलमुळे. ब्लीडिंग टाइम (रक्त थांबायला लागणारा वेळ) काढत होतो, ड्यूक पद्धत, दर तीस सेकंदांनी फिल्टर पेपरवर थेंब टिपायचा, ठिपके लहान होत होत थांबतात. मॅडमनी विचारलं, अ‍ॅस्पिरिनची एक गोळी खाल्ली तर तिचा परिणाम प्लेटलेटवर किती दिवस राहील? सगळे म्हणाले, काही तास. उत्तर होतं सात ते दहा दिवस. कारण अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं सायक्लोऑक्सिजिनेज एन्झाइम कायमचं बंद करतं, आणि प्लेटलेटला न्यूक्लियस नसतो, त्यामुळे नवं एन्झाइम तिला बनवताच येत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत तशीच, नव्या प्लेटलेट येतील तेव्हाच फरक पडणार. म्हणूनच काही ऑपरेशनांच्या आधी डॉक्टर अ‍ॅस्पिरिन काही दिवस थांबवायला सांगतात.

प्लेटलेटला न्यूक्लियस नसतो, हे वाक्य माझ्या वहीत आधीच होतं, नोट्समधून उतरवलेलं. त्या दिवशी कळलं ते तिथे का आहे. फार्मसीवाल्याने फिजिऑलॉजी का शिकायची याचं उत्तर मला तरी तिथे मिळालं, औषध शरीरात ज्या जागी जाऊन काम करतं ती जागा आपण पहिल्या वर्षाला शिकतो, औषध नंतर येतं. मग मी प्रत्येक धड्याला एकच प्रश्न लावायला लागले, इथे कुठली गोळी काम करते? नर्व्हचा धडा घ्या, पेशीच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट, सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर जातं, संदेश पुढे सरकतो. दाताच्या डॉक्टरांचं बधिर करायचं लिग्नोकेन सोडियमचं ते दारच अडवतं, सोडियम आत नाही तर संदेश नाही, संदेश नाही तर दुखणं मेंदूला कळत नाही. असं एकदा जोडलं की त्या धड्यातला ग्राफ विसरायला होत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात हृदय आलं. माझं आजोळ चोडणला, रायबंदरहून फेरीबोटीने जातो, आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघत आम्ही मोठे झालो. भरती आली की पाण्याच्या दाबाने मानशीची फळी आपोआप बंद, ओहोटीला आपोआप उघडी, खारं पाणी शेतात येत नाही आणि आतलं निघून जातं, कोणी जाऊन दार लावत नाही. हृदयाच्या व्हॉल्व्हचं अगदी तेच, ते स्वतः हलत नाहीत, दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकाने उघडतात-मिटतात, आणि मिटल्याचा जो आवाज तो लब-डब. हे डोक्यात बसल्यावर कार्डिअ‍ॅक सायकलचा ग्राफ, जो बघून वर्ग घाबरतो, तो मी दाबाच्या रेषा पकडत वाचला. डाव्या व्हेंट्रिकलचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) दाब एओर्टाच्या (तिथून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या) वर गेला, व्हॉल्व्ह उघडला. खाली आला, मिटला. एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर.

बीपी घ्यायचं प्रॅक्टिकल याच वेळी. कॉरोटकॉफ या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये ही ऐकण्याची पद्धत दिली. आधी नाडी चाचपून सिस्टॉलिकचा अंदाज घ्या, मग स्टेथो लावा, मर्क्युरी सावकाश उतरवा, पहिला ठोका ऐकू आला ते वरचं, आवाज नाहीसा झाला ते खालचं. घरी सगळ्यांचं बीपी घेऊन हात बसवला. आजीचं पण घेतलं आणि तेव्हा तिच्या पायांना घोट्याशी सूज दिसली. आजी म्हणाली, वय झालं बाय, आणि काय. तिच्या गोळ्यांचा डबा बघितला, त्यात बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन होती. आदल्याच आठवड्यात कॅपिलरीतल्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांतल्या) दाबांचा भाग झालेला. अ‍ॅम्लोडिपिन आर्टिरिओल (कॅपिलरीत रक्त आणणाऱ्या) सैल करते, व्हेन्यूल (तिथून परत नेणाऱ्या) तेवढ्या सैलावत नाहीत, मग कॅपिलरीतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर ऊतीत झिरपतं. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या शक्य आहे पण सुजेची कारणं पुष्कळ असतात, तू काही बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखवा. मामा तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेला, डॉक्टरांनी तपासून गोळी बदलून दिली, तीनेक आठवड्यांत सूज उतरली. हे सांगायचं कारण एवढंच की पहिल्या वर्षाच्या मुलाने घरच्या औषधांत हात घालू नये, पण बघावं जरूर आणि विचारावं जरूर. आजीचा तो डबा पुढे वर्षभर माझा सिलॅबस झाला.

जानेवारीत फायनल. आधी प्रॅक्टिकल, चार तास, सिनॉप्सिस ५, प्रयोग २५, व्हायवा ५. व्हायवाला बाहेरचे परीक्षक बसले तरी घाबरून गप्प राहू नका, माहीत असेल तेवढं क्रमाने सांगत गेलं की ते स्वतः पुढचं विचारून वाट दाखवतात, माझ्याशी तरी तसंच वागले. थिअरीला वेळ पुरत नाही, त्यामुळे छोटे सात प्रश्न आधी उरकले, ३५ मार्क तिथेच आहेत, मग मोठे. प्रत्येक मोठ्या उत्तराला आकृती, पेन्सिलने, नावं एकाच बाजूला. निकालाला दीड महिना लागला आणि तो दीड महिना वाईट गेला, कारण सेकंड सेम सुरू झालेली आणि मागचं कळायचंय. कोणाचा विषय राहिलाच तर खचू नका, नियमाप्रमाणे पहिल्या सेमचे विषय पुढे नेता येतात, पाचव्या सेमला जायच्या आधी मात्र पहिल्या दोन्ही सेमचं सगळं सुटलेलं लागतं.

सेकंड सेममध्ये मेंदू, पचन, श्वसन, किडनी, एंडोक्राइन, रिप्रॉडक्शन. सोबत पॅथोफिजिऑलॉजी हा वेगळा विषय, दोन्हींचा अभ्यास एकत्र करा, वेळ वाचतो, नॉर्मल आणि बिघडलेलं एकाच पानावर लिहीत जा. प्रॅक्टिकल्स तुलनेने सोपी होती, नजर तपासायचा स्नेलन चार्ट, श्वासातली हवा मोजायचा स्पायरोमीटर, रिफ्लेक्स, बीएमआय. कुटुंबनियोजनाची साधनं आणि प्रेग्नन्सी टेस्टचं प्रॅक्टिकल पण असतं, वर्गात आधी कुजबुज झाली, पण मॅडमनी स्ट्रिप एचसीजी (गरोदरपणातलं हार्मोन) कसं पकडते, कॉपर टी काय करते हे इतकं सरळ सांगितलं की पाच मिनिटांत पोरंपोरी सगळीच प्रश्न विचारायला लागली. उद्या फार्मसीच्या काउंटरवर हे विचारायला येणारी बाई आधीच संकोचलेली असणार, तिथे आपण मान खाली घालून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या ते मला फार पटलं.

किडनीवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, तुम्ही पण घाला. मिनिटाला १२५ मिली गाळलं जातं, दिवसाला १८० लिटर, आणि लघवी होते दीडेक लिटर, म्हणजे ९९ टक्के परत शरीरात. मी मोठ्या चार्ट पेपरवर एकच नेफ्रॉन (किडनीतली एक बारीक गाळणी) काढला आणि भिंतीला लावला, मग त्यावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची नावं लिहीत गेले. हेन्लेच्या लूपच्या चढत्या जाड भागावर फ्युरोसेमाइड, डिस्टल ट्युब्यूलवर थायझाइड, कलेक्टिंग डक्टपाशी स्पायरोनोलॅक्टोन. ही एवढी जागांची यादी डोळ्यांसमोर असली की कुठलं औषध जास्त पाणी काढेल आणि कुठल्याने पोटॅशियम जाईल किंवा राहील हे विचार करून सांगता येतं. पोटाचा धडा पण असाच गेला, अ‍ॅसिडिटीची पँटोप्रॅझोल जेवणाआधी अर्धा तास का घ्यायची, कारण ती पोटातल्या पॅरायटल सेलमधले अ‍ॅसिड सोडणारे, चालू असलेले प्रोटॉन पंपच बंद करते आणि ते पंप जेवणाने चालू होतात, म्हणजे गोळी आधी पोचलेली हवी. हे मी बाबांना सांगितलं, ते इतकी वर्षं जेवण झाल्यावर घ्यायचे, डॉक्टरांना विचारून आता वेळ बदललीय.

समजलंय की नाही हे बघायला एक गोष्ट केली, दर रविवारी एक टॉपिक आईला मराठीत समजावून सांगायचा, शब्द इंग्रजीच, सायनस नोड, अल्डोस्टेरॉन, पण वाक्यं आपली. आई चौदा वर्षं अंगणवाडीत आहे, तिचे प्रश्न नेमके असतात. ती जिथे "मग पुढे काय होतं" म्हणायची आणि मी अडायचे, तेवढंच पान पुन्हा उघडायचं. रट्टा मारलेलं तिच्यासमोर टिकत नाही.

जूनमध्ये पावसात परीक्षा झाल्या, जुलैअखेर निकाल. आता थर्ड सेमला एचएपी नाही, फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं तो विषय, चौथ्या सेमला सुरू होते. जर्नल आणि आकृत्यांच्या वह्या रद्दीत घालू नका, सीनियर सांगतात की चौथ्या सेमच्या पहिल्याच आठवड्यात त्या बाहेर काढाव्या लागतात. माझं पुस्तक मी देणार नाहीय, ते मला लागेल, पण वाड्यावरच्या त्या दोघींना पहिल्या सेमच्या नोट्सची झेरॉक्स दिलीय आणि नेफ्रॉनचा चार्ट ज्यांना हवा त्यांनी सांगा, फोटो पाठवते.